रोपवेला जायचा सोपा रस्ता

नकाशेकाकांच्या घरापासून टेकडीवरच्या रोपवेला जायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे टॅक्सी. फाटकाबाहेर उभं राहायचं, हात करायचा, आत बसायचं की अर्ध्या तासात रोपवेच्या दारात. हे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि नेमकं त्याच कारणासाठी काकांनी टॅक्सी करायची नाही असं ठरवलं. शेंबड्या पोराला जे कळतं तेच करायचं, तर माणसाने जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नोकरी करायची कशाला?

नोकरी नकाशा विभागातली. शहराच्या पोटातून जाणाऱ्या एकूण एक नळाची रेघ काकांनी स्वतःच्या हाताने कागदावर ओढलेली. म्हणून ते नकाशेकाका. खरं आडनाव आता पेन्शनच्या ऑफिसाला आणि बायकोला तेवढं आठवतं, आणि बायकोलाही रागात असेल तरच. शहर पर्यटकांचं. बारा महिने तेरा काळ रस्त्यात कुणीतरी उभं राहून कशाचा तरी फोटो काढत असतं. पण काकांनी त्यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. जमिनीखालचं शहर तोंडपाठ होतं, तेव्हा वरचंही आपल्याला येतंच असा त्यांचा समज होता, आणि समजाला काही खर्च येत नाही.

आता रोपवे कशासाठी? तर अक्कासाठी. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा काकांना अंघोळ घालण्यापासून कॉलेजात घालण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. ती या शहरात अनेकदा आली, पण कधी बाळंतपण करायला, कधी काकूंचं ऑपरेशन होतं म्हणून, कधी पोरांना गोवर आला म्हणून. आली की थेट स्वयंपाकघरात, आणि निघायची ती तिथूनच. दर वेळी काका तिला स्टेशनवर म्हणायचे, "पुढच्या खेपेला रोपवे नक्की बरं का, अक्का." आणि अक्का म्हणायची, "बरं बाई." भावाला ती लाडाने बाई म्हणते.

आता पुढची खेप उरली नव्हती. अक्काचा मुलगा उद्या सकाळी येऊन तिला समुद्रापलीकडे, आपल्या घरी, कायमची घेऊन जाणार होता. अक्का पंचाहत्तरीची, गुडघे कुरकुरणारे. परत येणं कुणाच्याच तोंडून निघत नव्हतं. हातात होता तो आजचा एक दिवस, आणि रोपवेची शेवटची फेरी सूर्य बुडायच्या आत सुटायची. काकांनी आदल्या संध्याकाळी जाहीर केलं, "उद्या अक्का पाहुणी. तिने चमचासुद्धा उचलायचा नाही. मी तिला शहर दाखवणार."

ही बातमी जिन्यात गेली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे मॅनेजरसाहेब, बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांना सगळ्याच विषयांतलं कळतं. ते म्हणाले, "शहरदर्शन पास काढा. बस, ट्राम, बोट, सगळं एकाच पासात." वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, "छे! बसमध्ये घुसमट होते. बोटीने जा. मोकळी हवा, छातीत श्वास भरतो." मग मॅनेजरसाहेबांनी बोटीतून पडलेल्या एका मेहुण्याची गोष्ट सांगितली, आणि बाईंनी बसमध्ये चेंगरलेल्या एका शिष्येची. दोघेही जिवंत आहेत असं चौकशीअंती निघालं.

"टॅक्सी करा हो," आतून काकू म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?"

"या शहराला मी पाणी पाजलंय," काका म्हणाले. "मला रस्ता शिकवू नका."

सकाळी पासाच्या खिडकीपाशी दोघं उभी राहिली. खिडकीतल्या माणसाने अक्काचं ओळखपत्र पाहिलं, शिक्का मारला, पास दिला. मग काकांचं पाहिलं आणि परत दिलं.

"तुम्ही इथलेच की."

"अर्थात!" काका छाती काढून म्हणाले.

"मग पास मिळणार नाही. तो बाहेरून येणाऱ्यांसाठी. तुम्ही शहर पाहिलेलं असणार."

"समजा, नसेल पाहिलं तर?"

"पाहिलेलं आहे असं खातं धरून चालतं."

काकांना सरकारी खातं काय धरून चालतं ते चांगलं माहीत होतं; त्यांनी स्वतः जन्मभर पुष्कळ काही धरून चालवलेलं होतं. पण 'मी हे शहर पाहिलेलं नाही' असं लेखी दिलं तर विचार करता येईल, असं जेव्हा तो म्हणाला, तेव्हा काकांनी ओळखपत्र खिशात घातलं. मागे रांग होती. रांगेत कॉलनीतलं कुणी असतं तर?

बसला दोन दारं. पासवाल्यांनी पुढून चढायचं, गावच्यांनी मागून. पुढे गादीच्या खुर्च्या आणि खिडक्या, मागे दांड्या आणि घाम. मधोमध जाळीचा पडदा. अक्काला खिडकी मिळाली, कानाला लावायला माहिती सांगणारं यंत्र मिळालं, शेजारच्या बाईंनी गोळी दिली. काका मागे एका पायावर, कुणाच्या तरी पिशवीतल्या मुळ्याशी नाक लावून. जाळीतून अक्का वळून वळून बघत होती आणि हाताने खुणा करत होती, की इकडे ये, जागा आहे. काका खुणेनेच सांगत होते, की येता येत नाही. इतक्या लांबून ही गोष्ट खुणेने समजावणं सोपं नाही. अक्काला वाटलं भावाचं पोट दुखतंय.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी पिवळी छत्री घेतलेला वाटाड्या ओरडला, "चला, उतरा!" आणि पुढचे सगळे उतरले. अक्काही उतरली. शिस्तीची बाई, चला म्हटलं की चालली. मागच्या दाराशी मात्र माणसांची भिंत. "उतरायचंय! माझी बहीण उतरली!" काका ओरडले. "आमच्याही उतरल्यात," कुणीतरी म्हणालं, आणि बस सुटली.

पुढच्या थांब्यावरून काका धावत मागे आले. अक्काकडे फोन नाही, तिला घराचा पत्ता नीट माहीत नाही, तिला फार चालवत नाही, अशा एकेक गोष्टी वाटेत आठवत गेल्या. उद्या भाच्याला काय सांगायचं? तुझी आई घड्याळाच्या मनोऱ्यापाशी हरवली? पण अक्का मनोऱ्याच्या सावलीत बाकावर बसली होती, हातात आइस्क्रीम, भोवती छत्रीवाल्याची सगळी मंडळी.

"हा बघा आला. माझा धाकटा भाऊ," तिने ओळख करून दिली. "हा इथलाच आहे. याला सगळं माहितीय."

मंडळींचे चेहरे उजळले. मनोरा किती जुना, कुणी बांधला, घड्याळ कधी बंद पडलं? काकांनी मनोऱ्याकडे पाहिलं. तो एवढा उंच आहे हेही त्यांना आत्ताच कळत होतं. खाकरून ते म्हणाले, "याच्या खालून बारा इंची लाइन जाते."

मंडळी खाली बघायला लागली. एकाने फरशीचा फोटोही काढला.

"आता ट्राम," काका घाईने म्हणाले. "हा फोन तुझ्या पिशवीत ठेव, धावताना पडेल. आणि माझा हात सोडायचा नाही." ट्रामला दोन दारांची भानगड नव्हती, आणि ती थेट टेकडीखाली जायची. पण ट्रामच्या रुळांमध्ये भला मोठा खड्डा होता, भोवती दोऱ्या बांधलेल्या, आणि दोरीवर पाटी: 'पाणीपुरवठा खात्याचे काम चालू. गैरसोयीबद्दल दिलगीर.'

माणसाला आपल्याच खात्याने अडवावं, यासारखं दुःख नाही. काका मागे वळणार, तेवढ्यात खड्ड्यातून एक टोपी वर आली. जुना मुकादम!

"साहेब! अगदी देवासारखे आलात. पाइप गळतोय, आणि बंद करायचा व्हॉल्व्ह सापडत नाही. सकाळपासून खणतोय."

आता सांगा, अशा वेळी कोण तसाच निघून जाईल? सकाळपासून एका खिडकीने परकं केलं, बसने मागे टाकलं, मनोऱ्याने तोंडघशी पाडलं. आणि इथे अक्कासमोर, वीसपंचवीस माणसांसमोर, कुणीतरी साहेब म्हणालं होतं. काकांनी बाह्या सरसावल्या. डोळे मिटून नकाशा आठवला, आणि फुटपाथच्या दिव्याच्या खांबाकडे बोट दाखवलं. "खांबाला लागून, उजव्या अंगाला. मारा कुदळ. बिनधास्त मारा."

नकाशा बरोबर होता हे आपण मान्य केलं पाहिजे. चुकला तो खांब. काका निवृत्त झाल्यावर फुटपाथ रुंद केला होता, आणि खांब उचलून पलीकडे लावला होता. कुदळ थेट मुख्य वाहिनीवर बसली. पाण्याचा फवारा दुमजली घराएवढा वर गेला आणि, काका मार्गदर्शन करायला अगदी जवळ उभे असल्यामुळे, सगळाच्या सगळा त्यांच्यावर आला. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हे रोजच असतं.

"साहेब," मुकादम अदबीने म्हणाला, "तुम्ही आता निघा. आम्ही बघतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काका निथळत चालू लागले. अक्का बरोबर चालत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

"हसतेस?"

"नाही रे. लहानपणी तू हौदात पडला होतास ना, ते आठवलं," अक्का म्हणाली आणि मोकळेपणाने हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. काकांना वाईट वाटायचं होतं, पण अक्काला असं हसताना पाहून किती वर्षं झाली होती कोण जाणे. त्यांनी वाईट वाटून घेणं पुढे ढकललं.

शेवटी काकांनी तो शब्द उच्चारला. "टॅक्सी!"

टॅक्सी थांबली. ड्रायव्हरने काकांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सीट नवीन आहे," म्हणाला आणि निघाला. दुसरा म्हणाला, "आजींना नेतो. तुम्ही वाळून या." तिसरा काही न बोलताच गेला. कालपर्यंत ज्या टॅक्सीकडे ढुंकून बघायचं नाही म्हणून काका ताठले होते, ती आता त्यांच्याकडे ढुंकून बघेना.

"कुणाला तरी विचारूया का?" अक्का म्हणाली.

"आपल्याच गावात रस्ता विचारायचा? नाक कापलं जाईल."

नाकावरून पाणी अजून थेंब थेंब गळत होतं, पण नाक ताठ होतं. आणि तेवढ्यात काकांना बंदराचा धक्का दिसला. धक्क्याला बोट लागलेली, पाण्यापलीकडे टेकडी, टेकडीवर रोपवेचे डबे मुंग्यांसारखे वर-खाली करणारे. यात विचारायचं काय? बोट इकडून सुटणार, तिकडे लागणार. शिवाय बोटीवर ओल्या माणसाला कोण नाही म्हणतं? दोघं चढली.

बोट छान होती. ती टेकडीच्या दिशेने निघाली, टेकडीच्या जवळ गेली, इतकी जवळ की काकांनी उतरायची तयारी म्हणून अक्काची पिशवी खांद्याला लावली, आणि मग बोट हळूच वळली. दीपस्तंभाला वळसा घालून, बेटावरचे पक्षी दाखवून, जुन्या गोदीवरून रमतगमत चालली. "ही बंदराची सफर आहे," शेजारचे गृहस्थ म्हणाले. "जिथून निघते तिथेच आणून सोडते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तशात पिशवीतला फोन वाजायला लागला. अक्काने उचलला. मॅनेजरसाहेब होते. "कॉलनीत पाण्याचा टिपूस नाही! अंगाला साबण लावलाय मी! तुमच्या भावाला विचारा, खात्यात कुणाला फोन करू?"

"तो बोटीत आहे," अक्काने सांगितलं. "भोवती पाणीच पाणी आहे. नंतर करा."

मग गाण्याच्या बाईंचा आला, मग काकूंचा. काकूंचा आवाज फोनबाहेर शेजाऱ्यांनाही ऐकू गेला. मुकादमाने कॉलनीत पाण्याचा टँकर पाठवला होता, आणि झालेला सगळा प्रकारही टँकरबरोबर पाठवला होता.

बोट परत त्याच धक्क्याला लागली. ऊन कलतं झालं होतं. काका धक्क्याच्या पायरीवर मटकन बसले. कपडे वाळले होते, पण माणूस पार विरघळला होता.

"अक्का," ते म्हणाले, "मला काही येत नाही गं. मी हे शहर बघितलंच नाही. तुला एक दिवस सुखाने फिरवायचं होतं, एकच दिवस. जन्मभर तू आमची उष्टी काढलीस, आणि मी तुला दिवसभर उन्हात नुसती हिंडवली. आता तू जाणार..."  साठी उलटलेला माणूस, धक्क्यावर, भर गर्दीत रडला. खोटं कशाला सांगायचं?

अक्काने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "वेडा आहेस. बसमध्ये बसले, आइस्क्रीम खाल्लं, बोटीत बसले, कुणी सकाळपासून मला चहा टाक म्हणालं नाही. आणि तुझं कारंजं बघितलं. अजून किती सुख पाहिजे? ऊठ. नाक पूस." मग ती उठली, समोरच्या तिकीट फाडणाऱ्या माणसाकडे गेली आणि जे काम काकांना दिवसभर जमलं नव्हतं ते तिने केलं. तिने विचारलं, "काय हो, रोपवेला कसं जायचं?"

"म्हाताऱ्या माणसांसाठी बॅटरीवर चालणारी गाडी आहे की, आजी. ही काय, मागेच उभी. दहा मिनिटांत पोचाल. बरोबर एक सोबती चालतो."

गाडीवाल्याने विचारलं, "आजी, सोबती कोण?"

"हा," अक्का म्हणाली. "माझ्याशिवाय हरवतो."

सोबत्याची जागा गाडीच्या मागच्या फळीवर, तोंड मागे करून बसायची. काका त्या फळीवर बसले आणि सगळं शहर त्यांच्यापासून लांब लांब जाताना बघत राहिले. मान आता ताठ नव्हती, त्यामुळे दुखतही नव्हती.

शेवटच्या फेरीचा डबा दार लावून निघायच्या बेतात होता. अक्काने "थांबा हो!" म्हणून अशी हाक दिली, की तो थांबला. बहुधा आईची हाक वाटली असावी. डबा वर निघाला. काकांनी दांडी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. अक्का मात्र काचेला नाक लावून उभी.

वर सोसाट्याचा वारा. खाली शहर पसरलेलं, कडेला समुद्र, समुद्रात बुडायला आलेला सूर्य. बाकीची मंडळी सूर्याचे फोटो काढत होती. अक्काने सूर्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुझं घर कुठलं रे?"

"काय?"

"तुझं घर. वरून सगळं दिसतं म्हणालास ना? मला ते बघायचंय. तिकडे गेल्यावर तुझी आठवण आली की डोळ्यांसमोर काय आणू? मी तुझं घर आतूनच बघितलंय. स्वयंपाकघर तेवढं आठवतं."

काका पुढे सरकले. त्यांनी खाली पाहिलं. हजारो गच्च्या, सगळ्या सारख्या. ज्याने हे शहर कागदावर शेकडो वेळा काढलं, त्याला त्यात स्वतःचं घर सापडेना. आणि ते घर इथेच कुठेतरी होतं, डोळ्यांसमोर. काकांनी घाईघाईने फोन लावला.

"अगं ऐक. गच्चीवर जा. एक चादर घे आणि जोरात हलव."

 मग काकू म्हणाल्या, "टँकरच्या बादल्या चढवून माझी कंबर गेलीय. तुम्ही फोडलेल्या नळापायी. आणि मी चादरी हलवू?"

"अक्काला आपलं घर बघायचंय गं. जायच्या आधी."

 मग जिना चढल्याचा आवाज आला, मागून मॅनेजरसाहेबांचा, "चादर नको, टॉर्च लावा!", आणि गाण्याच्या बाईंचा, "उंच धरा, उंच!" मग काकू धापा टाकत म्हणाल्या, "हलवतेय. दिसतंय का?"

कुठलं दिसणार? सगळ्या गावाचे कपडे वाळत होते. जिकडे पाहावं तिकडे पांढऱ्या चादरी फडफडत होत्या.

"पांढरं नको! लाल काहीतरी घे!"

काकूंनी जे उत्तर दिलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. त्या परत खाली गेल्या, परत वर आल्या. लाल टेबलक्लॉथ घेऊन आल्या असं मॅनेजरसाहेबांनी फोनवर कळवलं. काका डोळे ताणताणून बघत राहिले. लाल कपडेही काही कमी नव्हते. इथे एक, तिथे दोन, पलीकडे ओळीने चार. मागे रोपवेवाल्याने शिट्टी वाजवली. "चला, परत निघायचंय!"

"नाही गं सापडत, अक्का," काका रडकुंडीला येऊन म्हणाले.

"थांब," अक्का म्हणाली. तिने डोळ्यांवर हात धरला आणि बोट दाखवलं. "ते बघ. त्या उंच टाकीच्या अलीकडे. ते तुझं घर."

"कशावरून?"

"बाकीचं सगळं वाऱ्याने हलतंय. ते एकच रागाने हलतंय."

काकांनी पाहिलं. खरंच होतं. इवलासा लाल ठिपका, पण काय आवेश! डावीकडे एक फटका, उजवीकडे एक, मध्ये जरा दम, की पुन्हा सुरू. सगळ्या शहरात ओळखावं असं तेवढंच होतं. अक्काने हात उंच केला आणि ती हलवायला लागली, गाडी सुटल्यावर स्टेशनवरची माणसं हलवतात तसा. एवढ्या लांबून तिकडे काहीही दिसणार नव्हतं, पण ती हलवत राहिली. गालावरून पाणी वाहत होतं ते तिने पुसलं नाही.

फोनमधून काकूंचा आवाज आला, "दिसलं का एकदाचं? थांबवू का आता?"

पुन्हा शिट्टी वाजली. काकांनी अक्काकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "अजून थोडा वेळ हलव."